कॅन्सरनंतरच्या सहजीवनाबद्दल कोण बोलणार?

महोदय,

ऑक्टोबर आला की ठाण्यात आणि नवी मुंबईत स्तनाच्या कॅन्सरचे गुलाबी फलक लागतात, सोसायट्यांच्या क्लबहाऊसमध्ये तपासणीची शिबिरं होतात. ती व्हायलाच हवीत. मात्र उपचार पुरे करून घरी आलेल्या बाईच्या संसारात पुढे काय होतं, यावर वर्तमानपत्रांत चार ओळीही येत नाहीत. २०२२ च्या ग्लोबोकॅन, म्हणजे जागतिक कॅन्सर आकडेवारीच्या, अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात स्तनाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ९२ हजार आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण होते. यातल्या पुष्कळ जणी भर संसारातल्या, पाळी चालू असलेल्या वयाच्या असतात.

आम्ही ठाणे, कळवा, ऐरोली, कोपरखैरणे, खारघर या पट्ट्यात कॅन्सर रुग्णांबरोबर काम करणाऱ्या परिचारिका, फिजिओथेरपिस्ट आणि समुपदेशक आहोत. उपचारांनंतरचा कोरडेपणा, संबंधाच्या वेळचं दुखणं, नवरा-बायकोतला अबोला, एकटेपणा यांवर उपाय आहेत आणि त्यांतले बरेचसे घरच्या घरी करण्यासारखे आहेत. अडचण वेळेची आहे. बायका हे विचारायचं धाडस करतात तेव्हा उपचार संपून वर्ष-दीड वर्ष उलटलेलं असतं आणि पहिल्या दोन-तीन महिन्यांत जे सहज जमलं असतं ते तोवर अवघड होऊन बसतं. म्हणून तपशिलात आणि आडपडदा न ठेवता लिहितो आहोत. शब्द गाळू नयेत ही विनंती.

आधी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरबद्दल, कारण तिथे वेळ चुकली तर नुकसान सर्वात मोठं. बाहेरून आणि मग आतून 'लाईट' म्हणजे रेडिएशन घेतलेल्या बाईच्या योनीमार्गाचं अस्तर सुजतं, सोलवटतं. ते भरून येताना समोरासमोरच्या भिंती एकमेकींना चिकटू लागतात. सुरुवातीला हा चिकटा पातळ पापुद्र्यासारखा असतो, हलक्या हाताने सुटतो. पुढे तिथे घट्ट तंतू तयार होतात, मार्ग आखूड आणि अरुंद होतो आणि मग तो पूर्ववत करणं फार कठीण जातं. हे टाळण्यासाठी डायलेटर वापरतात. गोल टोकाची, गुळगुळीत, प्लास्टिकची किंवा सिलिकॉनची ही कांडी लहान ते मोठ्या आकारांच्या संचात मिळते.

रेडिएशन चालू असताना डायलेटर वापरायचा नाही, जखम होते. ते संपल्यावर साधारण २ ते ८ आठवड्यांत आतली आग आणि सूज ओसरते. तेव्हा डॉक्टरांकडून एकदा आतून तपासून घ्यावं आणि सुरुवात करावी. आठवड्यातून २ ते ३ वेळा, दर वेळी ५ ते १० मिनिटं. पाठीवर पडून गुडघे दुमडावेत किंवा बाथरूममध्ये एक पाय स्टुलावर ठेवून उभं राहावं. सर्वात लहान कांडीला पाण्याचा आधार असलेलं, म्हणजे वॉटर-बेस्ड, जेल भरपूर लावावं. श्वास बाहेर सोडताना ती हळूच आत न्यावी. अडेल तिथे थांबावं, रेटू नये. तिथेच काही मिनिटं राहू द्यावी, मग हलकेच डावीकडे-उजवीकडे फिरवावी आणि फिरवत फिरवतच बाहेर काढावी. नंतर साबण आणि कोमट पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडी करून सुती पिशवीत ठेवावी. एक आकार दुखल्याशिवाय जाऊ लागला की पुढचा घ्यावा. कांडीला गुलाबीसर डाग लागला तर घाबरण्याचं कारण नाही, तो सुटलेल्या पापुद्र्याचा असतो. लाल रक्त थांबतच नसेल, घाण वास येणारं पाणी अंगावरून जात असेल किंवा ओटीपोटात कळ येत असेल, तर मात्र थांबून रुग्णालय गाठावं. हा क्रम निदान दोन वर्षं ठेवायचा असतो, अनेकींना त्याहून जास्त. नियमित संबंध येत असतील तर कांडीचा वापर त्या मानाने कमी करता येतो.

इथे हमखास चुकतं ते असं. विधवा, अविवाहित किंवा साठीपुढच्या बाईला डायलेटरबद्दल सांगितलंच जात नाही. 'त्यांना आता काय करायचंय' हा हिशेब मनातल्या मनात कुणीतरी करून टाकतं. तो उद्धट तर आहेच, शिवाय वैद्यकीय दृष्टीनेही चुकीचा आहे. मार्ग बंद झाला की पुढच्या तपासण्यांत डॉक्टरांना आत बघता येत नाही. कॅन्सर परत आला आहे का, हे पाहण्याची वाटच बुजते. म्हणून ही कांडी संबंध असोत वा नसोत, प्रत्येकीसाठी आहे.

दुसरी अडचण घराची. सासू-सासरे, मुलं आणि दोघं अशा वन रूम किचनमध्ये दहा मिनिटं दार लावून पडायला जागा कुठली? रात्रीवर ढकललं की ते राहूनच जातं. मुलं शाळेत आणि सासूबाई देवळात असतात ती दुपारची वेळ बरी, नाहीतर आंघोळीची. आंघोळीच्या वेळी कोमट पाण्याने स्नायूही सैल झालेले असतात. आठवड्याचे वार ठरवून कॅलेंडरवर नुसतं एक टिंब करावं. कुणी विचारलं तर दुधाचा हिशेब.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये नवऱ्याच्या मनात दोन शंका असतात आणि तो त्या कुणालाच विचारत नाही: मला लागण होईल का आणि हिच्या अंगातलं रेडिएशन मला बाधेल का. कॅन्सर स्पर्शाने किंवा संबंधाने लागत नाही. बाहेरून दिलेलं रेडिएशन आणि आतून नळ्या घालून दिलेलं रेडिएशन, दोन्ही मशीन बंद झालं की संपतं, शरीरात उरत नाही. ज्या एचपीव्ही विषाणूमुळे हा कॅन्सर होतो तो इतका सर्रास आढळतो की लैंगिक संबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधीतरी तो होऊन जातो आणि बहुतेकांच्या शरीरातून एक-दोन वर्षांत निघूनही जातो. काही जणींमध्ये वर्षानुवर्षं टिकून राहतो, तिथे रोग होतो. त्यावरून बाईच्या चारित्र्याचा काथ्याकूट करणारे नातेवाईक अडाणी आहेत, एवढंच म्हणता येईल.

आता कोरडेपणा. तो 'लाईट'मुळे येतो, केमोने पाळी गेल्यामुळे येतो, गर्भाशयाची पिशवी आणि अंडाशय काढल्यामुळे येतो. स्तनाच्या कॅन्सरनंतरच्या लेट्रोझोल, अॅनास्ट्रोझोल, एक्झेमेस्टेन या गोळ्यांमुळे तर फारच येतो. इथे दोन वेगळ्या वस्तू लागतात आणि त्यांची गल्लत होते. मॉइश्चरायझर हा नेमाने वापरायचा, संबंध असो-नसो. हायलुरॉनिक अॅसिड असलेलं योनीमार्गाचं जेल आठवड्यातून ३ ते ५ रात्री झोपताना आत आणि बाहेरच्या पाकळ्यांनाही लावायचं. फरक जाणवायला दोन-तीन महिने जातात आणि बहुतेक जणी पंधरा दिवसांत 'काही उपयोग नाही' म्हणून सोडून देतात. ल्युब्रिकंट हा फक्त संबंधाच्या वेळी, दोघांनीही लावायचा. पाण्याचा आधार असलेला लवकर वाळतो, मध्येच पुन्हा लावावा लागतो. सिलिकॉनचा जास्त वेळ टिकतो, मात्र सिलिकॉनच्या डायलेटरला तो लावू नये, पृष्ठभाग खराब होतो. गरम किंवा थंड वाटणारे, सुगंधी, मेंथॉल घातलेले प्रकार अशा नाजूक अस्तराला झोंबतात. खोबरेल तेल घरात असतं आणि बाहेरून लावायला त्रासही देत नाही, पण त्याने लॅटेक्सचा कंडोम फाटतो.

मेडिकलच्या दुकानात बाई खालच्या आवाजात 'जेली द्या' म्हणते आणि कधी कधी लिग्नोकेनची जेली घेऊन घरी येते. ती बधिर करण्याची असते. दुखणं कळेनासं होतं आणि इजा झालेली दुसऱ्या दिवशी समजते. बधिर करणाऱ्या औषधाचाही काही जणींना उपयोग होतो, पण तो डॉक्टरांनी जागा, मात्रा आणि वेळ सांगितल्यावर. दुकानात बोलायला संकोच वाटत असेल तर कागदावर 'वॉटर-बेस्ड ल्युब्रिकंट' एवढं लिहून न्यावं. आणि कृपा करून डेटॉलच्या पाण्याने किंवा तुरटीने धुणं बंद करावं. अंगावरून जातंय म्हणून बायका हे करतात आणि उरलासुरला ओलावाही घालवून बसतात. बाहेरून साधं पाणी पुरतं.

इस्ट्रोजेनचं क्रीम हा कोरडेपणावरचा प्रभावी उपाय आहे, पण शेजारणीला दिलेलं आपण आणून लावण्याचा नव्हे. स्तनाचा कॅन्सर संप्रेरकांवर, म्हणजे हार्मोनवर, वाढणारा असेल, त्यातही लेट्रोझोलसारखी गोळी चालू असेल, तर कॅन्सरच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय ते वापरू नये. उलट गर्भाशयमुखाचा नेहमीचा, म्हणजे स्क्वेमस प्रकारचा कॅन्सर संप्रेरकांवर अवलंबून नसतो. चाळिशीच्या आत रेडिएशनने अंडाशय बंद पडलेल्या बाईने 'मला हार्मोन घेता येतील का' हे आपणहून विचारावं. हाडांसाठी आणि हृदयासाठीही ते महत्त्वाचं असतं.

दुखण्याची भीती एकदा बसली की ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आपोआप आवळतात आणि मग जेल लावूनही दुखतं. अशा वेळी ऐकीव माहितीवर केगलचे, म्हणजे हेच स्नायू आवळण्याचे, व्यायाम केले तर आवळणं आणखी वाढतं. आधी सैल सोडायला शिकावं लागतं. पोटाने सावकाश श्वास, गुडघे छातीशी घेऊन पडणं, आणि पेल्व्हिक फ्लोअरचं, म्हणजे याच स्नायूंचं, काम जाणणाऱ्या महिला फिजिओथेरपिस्टकडे काही भेटी. पिशवी काढली असेल तर ६ ते ८ आठवडे, टाके भरल्याचं डॉक्टरांनी पाहून सांगेपर्यंत, आत काहीही जाऊ देऊ नये. त्यानंतर मार्ग थोडा आखूड लागला तर कुशीवर किंवा बाईने वर राहून, म्हणजे किती आत हे तिच्या ताब्यात राहील असं, सुरू करावं.

स्तन काढलेल्या बाईची गोष्ट वेगळी. तिथे दुखण्यापेक्षा आरसा आडवा येतो. टाके भरल्यावर, साधारण चार ते सहा आठवड्यांनी, सर्जनला विचारून व्रणावर बोटांनी हलका मसाज सुरू करावा: दिवसातून दोनदा पाच मिनिटं, गोल गोल. त्वचा खाली चिकटून राहत नाही आणि स्वतःच्या हाताची सवय होते. नवऱ्याचा हात तिथे येण्याआधी आपला स्वतःचा यावा लागतो. कृत्रिम स्तन सुरुवातीला हलका, सुती किंवा विणलेला वापरावा. सहा-आठ आठवड्यांनी सिलिकॉनचा, दुसऱ्या बाजूच्या मापाने आणि वजनाने. नुसता कापूस भरला तर वजन नसल्याने तो वर सरकतो आणि ज्यांची दुसरी बाजू जड असते त्यांचा खांदा झुकून मान-पाठ धरते. सिलिकॉन आपल्या दमट हवेत घाम धरतो, म्हणून सुती खोळीत घालावा आणि रोज धुवावा. पदराला सेफ्टी पिन लावताना हमखास तो भोसकला जातो. पिन खांद्याच्या शिवणीवर, उंच लावावी. पोलक्याला आतून सुती खिसा लावून द्यायला नेहमीची शिवणकाम करणारी बाईसुद्धा तयार होते, फक्त माप घेताना दार लावायला सांगावं. आणि काखेतल्या गाठी काढलेल्या हातात, काल सहज चढणारी बांगडी आज अडली तर ती सूज समजावी आणि त्याच आठवड्यात फिजिओथेरपिस्टला दाखवावं.

अंथरूण वेगळं होण्याचं कारण बऱ्याच घरांत अगदी साधं असतं. ऑपरेशननंतर ड्रेनची, म्हणजे जखमेतलं पाणी काढणाऱ्या नळीची, पिशवी लोंबत असते, म्हणून बाई मुलीजवळ हॉलमध्ये झोपते. ड्रेन निघतो, सोय मात्र तशीच राहते. तो घाबरलेला असतो की हात लावला तर दुखेल, ती समजते की त्याला किळस आली. ड्रेन निघाल्यावर जागा परत आणण्याची तारीख दोघांनी ठरवूनच टाकावी. ऑपरेशनची बाजू वरच्या अंगाला येईल असं झोपावं, हाताखाली लहान उशी घ्यावी. पहिले तीन-चार आठवडे संबंध करायचाच नाही असं उघड बोलून ठरवावं आणि आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं आळीपाळीने नुसता स्पर्श: पाठ, केस, पाय. कुठे बरं वाटतं, कुठे बधिर आहे, कुठे नको, हे सांगायचं. संबंधाची टांगती तलवार नसली की दोघंही मोकळी होतात. थकवा असतो, म्हणून रात्री अकराची वेळ धरू नये. सकाळ किंवा दुपारची झोप झाल्यावर बरं पडतं.

केमो चालू असताना काही बंधनं आहेत. डोस झाल्यावर निदान २ ते ३ दिवस कंडोम वापरावा, औषधाचा अंश शरीराच्या स्रावांत येतो. पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट फार उतरल्या असतील तर संबंध पुढे ढकलावा, संसर्ग किंवा रक्तस्राव होऊ शकतो. आणि पाळी बंद आहे म्हणजे दिवस राहणार नाहीत, हा मोठा गैरसमज आहे. केमोनंतर आणि स्तनाच्या कॅन्सरनंतरच्या टॅमॉक्सिफेन या गोळीवर असताना गर्भ राहू शकतो आणि त्याला धोका असतो. स्तनाच्या कॅन्सरमध्ये माला-डीसारख्या संप्रेरकाच्या गोळ्या नकोत. कंडोम किंवा तांब्याची कॉपर-टी. टॅमॉक्सिफेन चालू असताना, विशेषतः पाळी गेल्यानंतर, रक्त दिसलं तर ते थेंबभर असलं तरी दाखवावं.

उदासपणासाठी डॉक्टरांनी गोळी दिली तर 'मी टॅमॉक्सिफेनवर आहे' हे सांगायलाच हवं. पॅरॉक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन या गोळ्या टॅमॉक्सिफेनचं शरीरात होणारं रूपांतर अडवतात, त्यामुळे तिचा उपयोग कमी होऊ शकतो. पर्याय आहेत. दोन आठवड्यांहून जास्त झोप, भूक, कशातच मन नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

आता सोबतीबद्दल. टाटा मेमोरियलचं अॅक्ट्रेक हे कॅन्सर उपचार आणि संशोधन केंद्र खारघरला आहे, ठाण्याहून पनवेल लोकलने सरळ जाता येतं. व्ही केअर, इंडियन कॅन्सर सोसायटी, कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन या कॅन्सर रुग्णांना मदत करणाऱ्या मुंबईतल्या जुन्या संस्था आहेत. पण मुरबाड-शहापूरहून उपचाराला आलेल्या बाईला दर महिन्याला गाडीभाडं घालून गटाला येणं परवडत नाही. गट घराजवळ, मराठीत आणि दुपारी ३ ते ५ या वेळात हवा. आठ-दहा जणी पुरेत, जास्त झाल्या की दोघी-तिघीच बोलतात. पहिला अर्धा तास एका विषयाची माहिती, मग गप्पा. नियम थोडे: स्टेजची तुलना नाही, गव्हांकुर-गोमूत्राच्या पाककृती नाहीत, फोटो नाहीत. व्हॉट्सअॅपचा गट काढला तर त्यावर फक्त वेळ आणि जागा. नाहीतर पहाटे सुप्रभात, दुपारी रामबाण रस आणि रात्री कुणाच्या तरी निधनाची बातमी येते आणि नुकत्याच सावरलेल्या बायका गट सोडतात. एकट्या बायकांची बैठक मधूनमधून वेगळी घ्यावी. नव्या माणसाला आजाराचं कधी सांगायचं, हा त्यांचा प्रश्न संसारी बायकांसमोर निघत नाही. पहिल्याच भेटीत सांगायची सक्ती नाही, पण लग्नाची बोलणी सुरू होण्याआधी सांगावं, दोन वाक्यांत, रिपोर्टची थप्पी न दाखवता, एवढं आम्ही सुचवतो. आणि शेजारणींनी हळदीकुंकवाला बोलावणं थांबवू नये. ती येईल की नाही हे तिला ठरवू द्यावं.

सासरचे 'माहेरी जा' म्हणू लागले तर हेही माहीत असावं. हिंदू विवाह कायद्यात कॅन्सर हे घटस्फोटाचं कारण नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क आहे. वकील मोफत मिळतो, त्यासाठी स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही. विधी सेवेचा क्रमांक १५१००.

ठाण्याचं जिल्हा रुग्णालय, कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि वाशीचं महापालिका रुग्णालय यांच्याकडे आमची मागणी छोटी आहे. कॅन्सरचे उपचार घेणाऱ्या किंवा नंतर तपासणीला येणाऱ्या बायकांसाठी आठवड्यातून एक दुपार, एक प्रशिक्षित परिचारिका आणि आतून कडी लागणारी एक खोली द्यावी. पडदा चालणार नाही, पडद्याआड कुणी बोलत नाही. जिथे रेडिएशन दिलं जातं तिथे शेवटच्या दिवशी डायलेटर आणि जेलची ट्यूब हातात द्यावी, चिठ्ठी नको. प्रत्येक तपासणीत 'संबंधाच्या वेळी किंवा एरवी खाली काही त्रास आहे का?' हा एक प्रश्न डॉक्टरांनी आपणहून विचारावा, कारण बाई तो काढणार नाही. आणि डिस्चार्जच्या फाईलमध्ये मराठीत एक पान घालावं, पुढच्या बाजूला तिच्यासाठी, मागच्या बाजूला तिच्या नवऱ्यासाठी. मजकूर आम्ही विनामूल्य लिहून देऊ, रुग्णालयाच्या डॉक्टरांनी तपासून घ्यावा.

— कॅन्सर रुग्णसेवेतील काही परिचारिका, फिजिओथेरपिस्ट व समुपदेशक, ठाणे आणि नवी मुंबई